पूजेतला पाना

“शालन, जेट कुठं गेला?”

मामांची हाक अशी आली की कणकेनं भरलेल्या हातानंच मी पोर्चमध्ये धावले. गाडीचं बॉनेट उघडं होतं. शेजारच्या स्टुलावर दवाखान्यातली जुनी इनॅमलची ताटली, ताटलीत पेट्रोल आणि पेट्रोलात कार्बोरेटरचे सुटे भाग. सगळे होते, फक्त जेट नव्हता. जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा. त्याच्या मधोमध बारीक भोक असतं आणि त्या भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. तो नसला की एवढं मोठं इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, हे मला मामांनीच शिकवलेलं.

“मी हात नाही लावला, मामा.”

“मग त्याला काय पाय फुटले?”

पाय फुटले नव्हते. मागच्या अंगणात नळाजवळच्या दगडाशी आत्या बसल्या होत्या. समोर समया, निरांजनं, ताम्हन, घंटी, तांब्ये, अशी पितळेची जत्रा भरलेली आणि शेजारी वाडग्यात भिजवलेली चिंच. दोन बोटांत काहीतरी इवलंसं धरून त्या ते जिवाच्या आकांतानं घासत होत्या.

“हौसा! ते काय घासतेयस?” मामा दारातूनच ओरडले.

“पितळ.”

“ते पितळ नव्हे, जेट आहे माझा!”

“पितळेचाच आहे न्हवं? उद्या दसरा. उद्या परक्याच्या घरी जायचंय तिला. काळ्या तोंडानं पाठवू होय?”

एरवी या दोघांचं भांडण सुरू झालं की गल्लीतली माणसं खिडक्या उघडून ऐकायची. त्या दिवशी मामा नुसते वळले आणि पोर्चमध्ये जाऊन खुर्चीत बसले. मला भडभडून आलं.

मामा म्हणजे माझे सासरे, डॉक्टर हंबीरराव सरनोबत. आमच्या कोल्हापुरात सून सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. तर हे मामा दातांचे डॉक्टर. अर्ध्या कोल्हापूरच्या दाढा त्यांनी उपटल्या आणि उरलेल्या अर्ध्याला कवळ्या बसवल्या, असं आत्या म्हणायच्या. पण त्यांचा जीव दातांत नव्हता, पोर्चमधल्या गाडीत होता. विलायती, दोनच माणसांची, पुढं लांबलचक नाक असलेली, सोड्याच्या बाटलीसारखी हिरवी. कुठल्याशा संस्थानिकाच्या पुतण्यानं ती हौसेनं बोटीतून आणवली आणि लवकरच कंटाळला. मामांनी ती घरी आणली ती नेमकी आमच्या ह्यांच्या बारशाच्या दिवशी. आत्या हे कधी विसरल्या नाहीत. “पोरगं पाळण्यात आणि बाप गाडीखाली,” हे त्या आल्यागेल्याला सांगायच्या. गाडीला त्यांनी नाव ठेवलं होतं सवत. सवतीच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही म्हणाल्या, आणि खरंच त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. पन्हाळ्याला जायचं झालं तरी मामा गाडीतून पुढं आणि आत्या एसटीनं मागून.

त्या गाडीला मामांनी दुसऱ्या मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. तिचे भाग इकडं मिळायचे नाहीत. मग डॉक्टर घरीच बनवायचे. इंजिनाखाली कुठून तेल गळतंय ते दाढा बघायच्या आरशानं शोधायचे. सीटचं चामडं उसवलं तर हिरडीला टाके घालतात त्या सुईदोऱ्यानं शिवायचे. डॅशबोर्डचं एक बटण हरवलं तेव्हा त्यांनी कवळीच्या मसाल्यातून नवं ओतलं. बसलं झकास, पण रंग हिरड्यांचा. लाकडी डॅशबोर्डवर ते गुलाबी बटण असं दिसायचं की गाडी आता हसते की काय!

आणि हा सगळा उद्योग चालू असताना शेजारी पाट टाकून आत्या बसलेल्या असायच्या. तोंडानं गाडीचा उद्धार आणि हातांनी कापूस वळणं. दाढेच्या पोकळीत भरायला मामांना कापसाच्या बारीक वळ्या लागायच्या. बाजारच्या त्यांना चालायच्या नाहीत, आत्यांच्याच हातच्या लागायच्या, दोऱ्याहून जरा जाड आणि टोकाला उलटा पीळ दिलेल्या. मधेच मामा इंजिनातून मान वर न काढता हात मागं करायचे, आणि आत्या शिव्या न थांबवता हवा तो पाना त्या हातात ठेवायच्या. कधी चुकलेला पाना मी पाहिला नाही.

मग मामांच्या हातांना कंप सुटला. दवाखाना त्यांनी स्वतःच बंद केला. “असल्या हातानं कुणाच्या तोंडात सुई घालू?” म्हणाले. गाडीचं काम मात्र चालू राहिलं. माझं लग्न होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झालेली. डोळे मामांचे आणि हात माझे, असं आमचं जमलं होतं. मला तर माहेरी कधी सायकलची चेन बसवू दिली नव्हती, इथं मी इंजिनाचे नट आवळत होते. मजा यायची हो! पण त्या श्रावणात एक दिवस मामांना राहवलं नाही. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, आणि तो त्यांच्या बोटांतून सुटून गाडीच्या नाकावर आपटला. रंगाचा टवका उडाला. त्या टवक्याकडं ते कितीतरी वेळ बघत राहिले. जेवायला बसल्यावर म्हणाले, “गाडी देऊन टाकायची. माझ्या हातानं तिचे हाल नकोत.”

त्या दिवसापासून माणूस बदलला. सकाळी उठून खुर्चीत बसायचे आणि समोरच्या भिंतीकडं बघायचे. चहा गार व्हायचा. गाडी गेली की मामाही फार दिवस राहणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं, आणि बोलायची छाती होत नव्हती. आमचे हे बँकेत. “बाबांनी स्वतः ठरवलंय, आपण मध्ये पडायचं नाही,” म्हणाले आणि त्यांनी ओळखीतून पुण्याचं गिऱ्हाईक शोधलं. राहिल्या आत्या. तर त्यांचा उत्साह काय विचारता! “जाऊ दे एकदाची सवत. पोर्चमध्ये तुळशी लावते,” असं म्हणत गल्लीभर फिरून आल्या. मला खरं सांगायचं तर त्यांचा राग आला होता. इतकं कसं मन दगडाचं, असं वाटायचं.

गिऱ्हाईक म्हणजे दप्तरदार नावाचे गृहस्थ. औषधांचा कारखाना होता, जुन्या गाड्यांचा षौक होता आणि मुहूर्तावर भलती श्रद्धा होती. त्यांची एकच अट होती. दसऱ्याला यायचं आणि गाडी चालवत, स्वतःच्या चाकांवर, आमच्या फाटकातून बाहेर काढायची. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, त्याहून चांगला कुठला? आम्हीही हो म्हणालो. दसऱ्याला नवी वस्तू घरात येते, तशी जुनीही कुणाच्या तरी घरात जाणारच की. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी असते, याचा विचार ना पुण्यात कुणी केला ना कोल्हापुरात.

तर त्या खंडेनवमीला आत्यांनी जेट लखलखीत करून आणला. मामांनी तो घेतला आणि रूट कॅनॉलची बारीक सुई त्याच्या भोकात घालायला गेले. सुई भोकाच्या डावीकडं गेली, उजवीकडं गेली, पितळेवर खरखरली. मी पुढं होणार तोच आत्या म्हणाल्या, “द्या इकडं. तू जा गं, डाळ उतू जाईल.”

मी डाळ उतरवून परत आले तोवर जेट बसवून झाला होता. आत्यांनी स्वतः बसवला होता! पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, “त्यात काय मोठंसं? स्क्रू तर आहे.” मांडीवर त्यांची कापसाची टोपली होती. नवरात्र होतं, हात जरा रिकामे झाले की त्या वाती वळायला घ्यायच्या. मी वरचं झाकण बसवलं, नट आवळले.

“सुरू करून बघूया का, मामा?”

“नको. उद्या त्यांचं ते करतील. मला ऐकवणार नाही.”

“मग आता तरी पाने द्या,” आत्या म्हणाल्या. “पूजा खोळंबलीय.”

आमच्या घरची रीत अशी. खंडेनवमीला हत्यारं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याला संध्याकाळी शिलंगणाचं सोनं लुटून आल्यावरच उचलायची. तोवर हात लावायचा नाही. देवघरासमोर पाट मांडला. त्यावर मामांच्या आजोबांची तलवार, मामांचे दाढा उपटायचे चिमटे आणि गाडीचे सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पकडी ओळीनं लागल्या. दर वर्षी एवढंच असायचं. त्या वर्षी आत्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. विळी आली, कात्री आली, अडकित्ता आला, आमच्या ह्यांची नखं कापायची मशीनसुद्धा आली. शेवटी चुलीजवळची सांडशी घेऊन निघाल्या तेव्हा मी म्हटलं, “आत्या, सांडशी कशाला? मग भांडं कशानं उतरवू?”

“पदरानं. ती पण हत्यारच की. रोज तापल्या पातेल्याशी झटते बिचारी.”

दसऱ्याला सकाळी दप्तरदार आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा पुडा. बरोबर महादू नावाचा त्यांचा मेकॅनिक. माणूस वाईट नव्हता हो. गाडीभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घातली. टवक्यावरून हलकेच बोट फिरवलं. गुलाबी बटण बघून विचारलं, “हे असं का, डॉक्टरसाहेब?” मामा म्हणाले, “जुनं पडलं. नवं बसवलं.” दवाखान्यात म्हणायचे तेच वाक्य. आणि मग त्यांना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घालवला.

आत्यांनी गाडीला ओवाळलं. बॉनेटवर कुंकवाचं बोट ओढलं, नारळ वाढवला. मी ओठ चावत उभी होते. मामांनी किल्ली दप्तरदारांच्या हातात दिली. किल्ली त्यांच्या बोटांत इतकी हलत होती की दप्तरदारांना दोन्ही हातांनी ती धरावी लागली.

गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात! तो भरदार, खोल आवाज पोर्चमध्ये घुमला आणि माझी शेवटची आशाही गेली. दप्तरदारांनी गियर टाकला, गाडी सावकाश निघाली, फाटकापाशी आली, चढ घ्यायला त्यांनी पाय दाबला आणि गाडी दोनदा खोकून बंद पडली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची आमच्या अंगणात.

पुन्हा सुरू केली. झाली. पाय दाबला, बंद. पुन्हा. पुन्हा तेच. नुसती उभी असली की छान गुरगुरायची, आणि पाय दाबला की मान टाकायची.

महादूनं बॉनेट उघडलं, कान लावला आणि हसला. “काही नाही, साहेब. मेन जेट तुंबलाय. नुसतं गुरगुरायला दुसऱ्या बारीक वाटेनं पेट्रोल मिळतं, पळायला हाच लागतो. कचरा असेल. काढून फुंकला की झालं. पाना द्या, डॉक्टरसाहेब.”

“तुझा कुठाय?” दप्तरदार म्हणाले.

महादूचं तोंड उतरलं. “साहेब, काल खंडेनवमी न्हवती का? सगळी हत्यारं गॅरेजात पूजेला मांडलीत. गॅरेजवाल्या मालकांनी एक उचलू दिलं नाही.”

“आणि आपण आलो त्या गाडीच्या डिकीतलं?”

“ते पण तुमच्या घरी वहिनीसाहेबांनी काल काढून घेतलं. पूजेत आहे.”

दप्तरदारांनी हात जोडून आत्यांकडं बघितलं. “बाईसाहेब, पाचच मिनिटं. एक पाना.”

“कसा देऊ ओ?” आत्या म्हणाल्या, अगदी गरीब चेहऱ्यानं. “फुलं वाहिलीत. शिलंगण झाल्याबिगर हलवायची नाहीत. आमच्या घराण्याची रीत आहे.”

“मग पक्कड?”

“पूजेत.”

“अहो, मग सांडशी तरी द्या!”

“ती पण पूजेत,” मी म्हणाले, आणि मला एकदम हसू फुटलं. ते मी पदरात कोंबलं.

मग दप्तरदार शेजारी गेले. आमची गल्ली उद्यमनगरच्या शेजारची. घरटी एक लेथ, दारोदार हत्यारं. पुण्याचा हा प्रतिष्ठित माणूस दसऱ्याच्या दिवशी एकेका दाराशी उभा राहून पाना मागत होता आणि प्रत्येक घरातून तेच उत्तर येत होतं, “अहो पाव्हणं, आज?” घरोघरी त्यांना बसवलं, सुधारस खायला घातला, एका घरात तर मानाची टोपीपण घातली. पाना कुणी दिला नाही. परत आले तेव्हा त्यांचा सदरा घामानं चिकटला होता.

आता ते थेट मामांकडं गेले. “डॉक्टरसाहेब, तुम्ही विज्ञानाची माणसं. तुम्ही तरी सांगा ना. एक पाना उचलला तर काय आभाळ कोसळणार आहे?”

हे मात्र खरं होतं. मामांनी जन्मात पूजा केली नव्हती. खंडेनवमीला पाने अडकले की दर वर्षी घर डोक्यावर घ्यायचे, “लोखंडाला कसला देव?” म्हणून. त्यांनी एक शब्द टाकला असता तर पाना मिळाला असता. आमचे हे तर देवघराकडं निघालेसुद्धा.

मामांनी आत्यांकडं बघितलं. आत्या झेंडूच्या माळेतलं सुकलेलं फूल खुडत होत्या. मग मामांनी फाटकात अडकलेल्या गाडीकडं बघितलं.

“थांब, बाळासाहेब,” ते म्हणाले. “घरची रीत आहे. मी मोडणार नाही.”

हे जागच्या जागी उभे राहिले. माझा कानांवर विश्वास बसेना.

दप्तरदार खुर्चीत टेकले. पाणी प्यायले. मग त्यांनी सुस्कारा टाकला. “मुहूर्त बघून आलो, आणि मुहूर्तानंच अडवलं. डॉक्टरसाहेब, राग मानू नका. जी गाडी दसऱ्याला फाटक ओलांडत नाही, ती माझ्या दारात नको. माझी आई मला घरात घ्यायची नाही.”

“संध्याकाळी दुरुस्त होईल,” आमचे हे म्हणाले.

“दुरुस्त होईल हो. पण अडली ती अडलीच.”

पेढ्यांचा पुडा आमच्याकडं ठेवून आणि आत्यांच्या हातचं पोटभर जेवून ते पुण्याला गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी मागं ढकलून पोर्चमध्ये आणली. ढकलताना मामांचे हात नाकावरच्या त्या टवक्यावर टेकलेले होते. कंप होताच, पण चेहऱ्यावर लाली आली होती.

संध्याकाळी दसरा चौकातलं शिलंगण झालं. आपट्याची पानं घेऊन हे घरी आले, आत्यांनी त्यांना ओवाळलं आणि हत्यारांवरची फुलं उतरवली. मी अजून सगळ्यांना सोनं वाटत होते तोच मामा म्हणाले, “शालन, पाना घे.”

दिवसाचा उजेड अजून थोडा होता. मी झाकण काढलं, जेट सोडवून मामांच्या तळहातावर ठेवला.

“आवाजावरूनच कळलं होतं मला,” मामा म्हणाले. “चिंचेचा चोथा असणार. घास म्हणावं अजून. काढ सुईनं.”

मी सुई घातली आणि हळूच ओढली. चिंच नव्हती. पांढरं, पेट्रोलानं भिजलेलं काहीतरी बाहेर आलं, दोऱ्याहून जरा जाड. मामांनी ते चिमटीत धरलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ नेलं. कापसाची वळी होती. टोकाला उलटा पीळ होता.

जन्मभर ज्या वळ्या त्यांनी लोकांच्या दाढांत भरल्या, त्यांतलीच ती एक. गावात दुसरं कुणी तसा पीळ द्यायचं नाही.

“मामा…” मी म्हटलं.

“गप,” मामा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “कार्बोरेटरचं कुठलं भोक बुजवलं की गाडी फाटकापर्यंत जाते आणि पुढं जात नाही, हे हिला कधी कळलं गं?”

ते तसेच आत गेले, मी मागोमाग. आत्या देवघरासमोर रिकाम्या पाटावरचं हळदकुंकू पुसत होत्या. मामांनी ती वळी त्यांच्यासमोर निरांजनाच्या शेजारी ठेवली.

“हौसा, ही तुझी वात. चुकून माझ्या कार्बोरेटरात गेली होती.”

आत्यांनी वळीकडं बघितलं, मामांकडं बघितलं आणि पाट पुसणं चालूच ठेवलं.

“चुकून नाही,” त्या म्हणाल्या.

मग आत्यांच्या हातातलं फडकं थांबलं.

“एवढी वर्षं सवत नांदवली मी. तिच्यापायी एसटीनं हिंडले. आणि आता म्हातारपणी तिला घालवून देता होय? ती गेल्यावर तुम्ही बसणार भिंतीकडं बघत, आणि मी काय बघत बसू? तुमच्याकडं?” आवाज चिरकला त्यांचा. “भांडायला तरी कुणी पाहिजे का नको घरात?”

“अगं, पण माझे हात…”

“हात-हात काय लावलंय? हे काय आहेत?” आत्यांनी पितळ घासून काळवंडलेले, हळदीनं माखलेले आपले दोन्ही हात त्यांच्यापुढं धरले. “माझे दोन, हिचे दोन. चार हातांनी होत नाही ते काम तुमच्या दोन हातांनी तरी कुठं धड होत होतं?”

मामा हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. मग त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून आत्यांच्या हातावर ठेवलं. ते इतकं थरथरत होतं की आत्यांनी पान आणि हात दोन्ही धरून ठेवले.

“सोनं घे,” मामा म्हणाले.

“घेतलं,” आत्या म्हणाल्या. “उद्या सकाळी आधी काय सोडवायचं ते सांगा.”

आज मामा नाहीत, आत्याही नाहीत. गाडी आहे, माझ्या पोर्चमध्ये, गुलाबी बटणासकट. कुणी विचारलं की सांगते, द्यायची नाही. त्या दसऱ्यानंतर मामा बरीच वर्षं जगले आणि ती वर्षं कशी गेली ते गल्लीला विचारा. मामा स्टुलावर, आत्या पदर खोचून बॉनेटमध्ये डोकं घातलेल्या, हातात दाढा बघायचा आरसा, आणि भांडण असं की लेथचा आवाज ऐकू येऊ नये. आता आत्या इंजिनातून हात मागं करायच्या आणि मामा पाना द्यायचे. तो मात्र दर वेळी चुकायचा. मामांनी मला गाडी चालवायलाही शिकवली, शेजारी बसून, प्रत्येक गियरला आई गं म्हणत.

पुढच्या दसऱ्याची गोष्ट सांगते आणि थांबते. सकाळी मामा आत्यांना म्हणाले, “बस आत.” आत्या म्हणाल्या, “माझी शपथ आहे.” मामा म्हणाले, “सवतीचा सगळा जीव हातात घेऊन बसतेस की रोज, मांडीला मांडी लागली तर काय होतंय?” आत्या नवं लुगडं सावरत, देवाचं नाव घेत माझ्या शेजारी बसल्या. जागा दोनच. मामा फाटकाला धरून उभे राहिले.

मी गाडी काढली. चढ चढून फाटकातून बाहेर आले, आणि आत्या एकदम म्हणाल्या, “थांब.”

“काय झालं, आत्या?”

त्यांनी मान तिरकी केली, कान दिला. “डावीकडनं टकटक येतंय. येतंय का?”

येत होतं, अगदी बारीक. मला त्यांनी सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

“यांना सांगू नको. आज पाने पूजेत आहेत. उद्या मीच बघते.”

“काय झालं गं?” मागून मामांची हाक आली. “बंद पडली का?”

“नाही ओ, चालू आहे!” आत्या वळून ओरडल्या. मग मला म्हणाल्या, “चल गं. पण सावकाश घे. कोपऱ्यापर्यंत त्यांना आवाज ऐकू जाऊ दे.”